कृपया चपला बाहेर काढाव्यात

आमचे सेलूकर एटीएममध्ये जाताना चपला बाहेर काढतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. क्रांती चौकात भर दुपारी या डोळ्यांनी पाहिलंय. माणसं आत-बाहेर करतायत, वॉचमन खुर्चीत पेंगतोय आणि सेलूकर दारात वाकून चपलांची जोडी रस्त्याकडं तोंड करून नीट लावतायत. मग रुमालानं हात पुसायचे, मग आत. एकदा बाहेर येऊन बघतात तर चपला गायब! इतक्या सोयीच्या लावलेल्या चपला चोरानं सोडायच्या तरी का? मे महिन्याचा डांबरी रस्ता, आणि हा सत्तरी उलटलेला माणूस अनवाणी कॉलनीत आला. मी म्हटलं, "सेलूकर, अहो पाय भाजले की!" तर मलाच म्हणतात, "भाजू द्या. यंत्रात धूळ गेली नाही ना?"

आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळं मला सुटका नाही. पुण्याहून त्यांच्या मुलीचा फोन आला की हे चपला काढून बोलतात. गुलमंडीत माझं कापडाचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. मुलाच्या हट्टापायी मी गाद्या काढून काउंटर केला, बिलाचा कॉम्प्युटर आणला. पहिल्याच दिवशी सेलूकर आले, दारात चपला काढल्या आणि हात जोडल्यासारखे उभे राहिले. त्यांना पाहून मागच्या दोन बायकांनी काढल्या, त्यांना पाहून आणखी चौघींनी काढल्या. संध्याकाळपर्यंत माझ्या नव्या दुकानाबाहेर मंगल कार्यालयासारखा चपलांचा ढीग! मुलगा माझ्यावर चिडला. मी कुणावर चिडू?

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. सेलूकरांचं घराणं परभणीकडचं; आजोबा भिक्षुकी करायचे, वडील निजामाच्या काळात कारकून, हेही कारकून. पाणीपुरवठ्याच्या एका सरकारी कचेरीत हे हेडक्लार्क असताना तिथं पहिला संगणक आला. सगळी कचेरी घामानं निथळायची आणि त्या एका यंत्राला मात्र थंडगार खोली. दारावर पाटी: 'कृपया चपला बाहेर काढाव्यात.' ती पाटी सेलूकरांच्याच अक्षरातली. ज्या साहेबांपुढं सगळे चळचळा कापायचे, ते साहेबसुद्धा बूट काढून मोज्यांवर आत जायचे. सेलूकरांच्या मनात ते जे बसलं ते बसलं. संगणक टेबलावरून मांडीवर आला, मांडीवरून खिशात आला, पण यांच्या चपला अजून बाहेरच.

दुसरी खोड टिपणीची. सरकारी कचेरीत कारकून वरच्या साहेबांसाठी कागदावर विषय मांडतो ना, ती टिपणी. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण यांचं सुरूच. माझ्या बायकोनं एकदा पुरणपोळ्या पाठवल्या. दुसऱ्या दिवशी डब्यात चिठ्ठी आली: 'विषय: पुरणपोळी. काल प्राप्त झालेल्या दोन नगांपैकी एक उत्तम. दुसऱ्या नगात जायफळ किंचित जास्त आढळले. माहितीस्तव सविनय सादर.' माझी बायको सात महिने त्यांना काही पाठवायला तयार नव्हती. मी त्यांना बोललो, तर म्हणाले, "सेक्रेटरी, जे टिपणीत आलं नाही ते घडलंच नाही असं समजतात. म्हणून लिहावं लागतं."

सेक्रेटरी म्हणजे मी. कॉलनीच्या पहिल्या मीटिंगला मी गेलो नव्हतो, म्हणून मला एकमतानं निवडण्यात आलं.

आमचं मैत्रेय पार्क हे शहराच्या अगदी टोकाला. आता शहरालाच टोक राहिलेलं नाही म्हणा. आम्ही प्लॉट घेतले तेव्हा समोर ज्वारी होती, आज समोर चार कॉलन्या आहेत आणि त्यांच्यापुढं आणखी चार. पाइप सगळीकडं टाकलेत. पाणी तेवढं यायचं राहिलंय. त्यात पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं, बोअर आटले आणि आम्ही टँकरवर आलो. रस्ता जिथं दोन्हीकडं फुटतो तिथं एक गोल बेट आहे, तिथं टँकर थांबायचा. बायका ड्रमांवर खडूनं नंबर टाकून रांगा लावायच्या.

त्या मोकळ्या बेटावर आमच्या नगरसेवकांची नजर गेली. म्हणाले, इथं एखादं स्मारक करू, कॉलनीची शोभा वाढेल. नाव तुम्ही ठरवा. झालं! आमच्या शहरात पुतळ्याचा विषय म्हणजे विस्तवाशी खेळ. सहा मीटिंगा झाल्या. कुणी एक नाव घेतलं की दुसऱ्याचा चेहरा पडायचा. दोन सख्खे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले, एकानं मधली भिंत वाढवली. सातव्या मीटिंगला सेलूकर उठले. टेबलावर कुणाचा तरी लॅपटॉप उघडा होता, म्हणून आधी चपला काढल्या आणि म्हणाले, "संगणकाच्या आद्य व्यक्तीचं स्मारक करा."

 प्रत्येक जण विरोधाला कारण शोधत होता, मी तोंडं बघत होतो. पण करता काय? संगणकवाल्याची जात कुणाला ठाऊक नव्हती, पक्ष कुणाला ठाऊक नव्हता, तो कुणाच्या पाहुण्यांत नव्हता. पाच मिनिटांत ठराव मंजूर! नगरसेवक तर खूश. "आयटी! वा सेलूकर काका, मॉडर्न काम झालं. नाव काय त्या इंग्रजाचं?"

"नाव टिपणीत येईल," सेलूकर म्हणाले आणि खाली बसले.

दगडाचं काम रहीमचाचांना दिलं. सिटी चौकाकडं त्यांचं कोरीव कामाचं दुकान. नावाच्या पाट्या, दर्ग्याच्या जाळ्या, सगळं करतात. सेलूकरांनी आलेखाच्या कागदावर पट्टीनं मोजून संगणक काढून दिला. दीड महिन्यानं काळ्या दगडाचा संगणक तयार झाला, पण त्याचा पडदा वरून गोल! सेलूकर हादरलेच.

"चाचा, हा चौकोन पाहिजे होता!"

"चौकोन सूना लगता था साब," चाचा शांतपणे म्हणाले. "थोड़ी कमान दे दिया. अपने शहर में बगैर कमान के क्या खड़ा है, बताओ?" मग खालच्या कोऱ्या पाटीवर बोट ठेवून म्हणाले, "इधर का नाम बोलो."

"नाव नंतर."

"नाम के बगैर पत्थर किसका समझना?"

सेलूकर दुकानातून बाहेर पडले. तेव्हा मला वाटलं, कमानीचा राग आलाय.

स्मारक बसलं. गाजावाजा नावाची पाटी कोरल्यावर करू असं ठरलं. आणि दुसऱ्या दिवसापासून सेलूकरांचा नेम सुरू झाला. रोज सकाळी सातला अंघोळ करून जायचं, बेटाखाली चपला काढायच्या, रस्त्याकडं तोंड करून लावायच्या, वर चढून ओल्या फडक्यानं दगड पुसायचा. टँकरच्या रांगेतल्या बायका हे बघतायत. कमानीची देवळी, काळा दगड, आणि एक म्हातारा ब्राह्मण अनवाणी उभा राहून रोज त्याला अंघोळ घालतोय. आता बाईमाणसानं काय समजावं?

चौथ्या दिवशी रांगेतल्या चौधरी वहिनींनी कमानीत जास्वंदीचं फूल ठेवलं. पाचव्या दिवशी कीबोर्डच्या एकेका बटणावर कुंकवाचं बोट. आणि नेमकं त्याच दुपारी पलीकडच्या कॉलनीचा टँकर रस्ता चुकून आमच्याकडं आला. एका दिवसात दोन टँकर! मग काय विचारता! संध्याकाळी नारळ फुटला, बेटाखाली चपलांची रांग लागली आणि देव पावतो अशी बातमी तिसऱ्या गल्लीपर्यंत गेली.

सेलूकर तावातावानं धावले. "वहिनी, अहो ही देवळी नाही, मॉनिटर आहे! हा कीबोर्ड आहे! कुंकू काय लावता?"

"मग काका, तुम्ही चपला कामून काढता?" वहिनींनी विचारलं.

 तीस-पस्तीस वर्षांत हा प्रश्न सेलूकरांना कुणी विचारला नसावा. त्यांनी चपला घातल्या आणि घरी निघून आले. मी गॅलरीतून बघत होतो आणि पोट धरून हसत होतो. आज ते आठवलं की बरं वाटत नाही.

आठवड्यानं वॉर्डातून पत्र आलं. ज्यांचं स्मारक त्यांचं पूर्ण नाव कळवावं आणि मृत्यूचा दाखला जोडावा. हयात व्यक्तीचं स्मारक करता येत नाही. मी पत्र घेऊन सेलूकरांकडं गेलो. घरात ते एकटेच. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. म्हटलं, "घ्या, आता तरी तुमच्या इंग्रजाचं नाव सांगा."

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "लिहा," म्हणाले. "द्वारका."

"कुठली द्वारका?"

"पिशोरची."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं सरकलं. पण ते चष्मा काढून बोलायला लागले आणि मी हातातला चहा विसरलो.

जुन्या दुष्काळातली गोष्ट. त्यांच्या कचेरीतून गावोगाव टँकर जायचे. कुठल्या गावाला आधी पाणी, याची यादी करायचं काम नव्या संगणकाला दिलं. संगणक इंग्रजी. त्यानं मुकाट्यानं ए टू झेड यादी काढून दिली. ए-ची गावं सकाळीच पाणी भरून मोकळी व्हायची, आणि डब्ल्यू नि वायच्या गावांची पाळी यायच्या आधी दिवस मावळायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ए पासून सुरू. गावकरी रिकामे हंडे घेऊन कचेरीत यायचे. साहेब सांगायचे, यंत्राची यादी आहे, यंत्र भेदभाव करत नाही.

यंत्रावर बसायला रोजंदारीवर एक मुलगी घेतली होती, द्वारका. धनगराची पोर, दहावी झालेली, टायपिंगची परीक्षा पास. एके दिवशी ती सेलूकरांना म्हणाली, "भाऊसाहेब, आम्ही मेंढरं पाण्यावर नेतो ती नावानं नेत नाय. जिला लई तहान, ती म्होरं."

"तीन दिवस ती त्या खोलीतून हलली नाही," सेलूकर सांगत होते. "मांडीवर यंत्राचं इंग्रजी पुस्तक, शेजारी डिक्शनरी. यादीत तिनं एक नवा रकाना घातला, गावाला शेवटचं पाणी येऊन किती दिवस झाले त्याचा. इंग्रजी अक्षरांत त्याला नाव दिलं, तहान. आणि यंत्राला सांगितलं, ज्या गावाची तहान मोठी ते वर घे. चौथ्या दिवशी यादी निघाली, तर सगळ्यात वर वायचं गाव. बावीस दिवस पाणी नव्हतं हो तिथं. आमच्या इतक्या सगळ्यांच्या डोक्यात ते आलं नव्हतं."

"मग तिचा सत्कार झाला असेल?"

"साहेबांचा झाला. मुंबईत. त्यासाठी टिपणी लागते. ती मी केली. आमच्या कचेरीत संगणकावर निघालेली पहिली मराठी टिपणी." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "त्यात द्वारकाचं नाव नव्हतं. रोजंदारीच्या माणसाचं नाव टिपणीत घेत नसत."

"तसा नियम होता?"

"नियम नव्हता. रीत होती."

पाऊस पडला, टँकर बंद झाले आणि रोजंदारीची माणसं कमी केली. कुणाला कायम ठेवायचं ते कागदावरून ठरलं. कागदावर द्वारका नव्हतीच. ती गेली त्या दिवशी सेलूकर रजेवर होते. "मुद्दाम घेतली होती रजा," ते म्हणाले.

मी विचारलं, "ती आता मयत आहे का? म्हणजे दाखल्यासाठी विचारतोय."

"शुभ बोला हो सेक्रेटरी!" एवढ्या जोरात ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग हळूच म्हणाले, "मला माहीत नाही." जिवंत असेल तर स्मारक बोंबललं, आणि स्मारक व्हायचं तर काय व्हायला पाहिजे, ते त्यांच्या तोंडातून निघेना.

मला रागच आला. "पिशोर काय लंडनला आहे? दोन तासांची एस.टी. एवढ्या वर्षांत एकदा जाऊन येता आलं नाही?"

"जाऊन काय सांगू?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना धरून एस.टी.त बसवलं. दुकान मुलावर टाकलं.

पिशोरच्या स्टँडवर आम्ही विचारायला लागलो, संगणकवाली द्वारका कुठं राहते? कुणाला ठाऊक नाही. एक म्हातारा म्हणाला, "पाण्याच्या भिंतीची द्वारकामाय तर नाय इचारत तुम्ही? ती काय, गावाच्या कडंला."

चांगली हयात होती! पाच-सात शेळ्या, दोन खोल्यांचं घर, आणि त्या घराची रस्त्याकडची भिंत वरपासून खालपर्यंत कोळशानं लिहिलेली. गल्ल्यांची, वस्त्यांची नावं आणि पुढं आकडे. गावात टँकर आला की ड्रायव्हर आधी ती भिंत वाचतो, मग कुठं जायचं ते ठरवतो. पदर खोचून एक पंचावन्न-छप्पन्नची बाई एक आकडा पुसून दुसरा लिहीत होती. मागं वळली आणि सेलूकरांकडं बघत राहिली.

"अगं बया! भाऊसाहेब! आन् चपला इथं बी भाईर काढल्या व्हय? आवं, इथं शेळ्या हायेत."

सेलूकर हसले नाहीत. आम्ही बाजेवर बसलो, चहा झाला. तिनं मुलीची विचारपूस केली, साहेबांची केली. "ते यंत्र हाय का अजून?" म्हणाली.

"भंगारात गेलं," सेलूकर म्हणाले.

"अरारा," ती खरोखर हळहळली. "लई गार खोली व्हती."

तासभर बसलो. मी तीनदा खोकलो, दोनदा कोपरानं ढोसलं, पण हा माणूस शेळ्यांच्या चाऱ्याबद्दलच बोलत बसला. टिपणीचा ट काढला नाही, स्मारकाचा स काढला नाही. निघायला उठलो तर आमच्या चपला रस्त्याकडं तोंड करून नीट लावलेल्या. तिनं कधी लावल्या आम्हाला कळलंही नव्हतं. म्हणाली, "आमच्यात पाव्हण्याच्या चपला फिरवून ठेवत्यात. जायाला सोपं पडतं."

परतताना अर्धा रस्ता सेलूकर खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "त्या खोलीबाहेर रोज दहा-बारा जोड निघायचे. साहेबांचे, इंजिनिअरांचे, माझे. बाहेर यावं तर सगळे वळवून लावलेले. मला वाटायचं, शिपाई लावत असेल."

एटीएमच्या दारात वाकणारे सेलूकर मला आठवले. मी पण मग खिडकीबाहेर बघितलं.

इकडं रांगेत वेगळंच चाललं होतं. देव पावतो, पण देवाचं नाव काय? दुसऱ्या दिवशी सकाळी चौधरी वहिनींनी विचारलं, "काका, या देवाचं नाव काय हो?" सेलूकर फडकं पिळत होते. डोक्यात पिशोर. तोंडातून निघालं, "द्वारका."

संध्याकाळपर्यंत द्वारकाई झाली. टँकरवाला फोनवर सांगायचा, "हां, द्वारकाईवर उभा हाय." रिक्षावाले द्वारकाई स्टॉप म्हणायला लागले. आणि मला, सेक्रेटरीला, वॉर्डाच्या पत्रावर झकास तोड सुचली: देवीला मृत्यूचा दाखला लागत नाही! पाटीवर 'द्वारकाई' कोरावं असा ठराव मी स्वतः लिहिला, एकमतानं मंजूर करून घेतला आणि शाबासकी घ्यायला सेलूकरांकडं गेलो. त्यांनी दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी दाराखालून चिठ्ठी आली: 'विषय: चुकीची नोंद. सदर व्यक्ती देवी नसून संगणकचालक आहे. मागील वेळी काम लिहिले, नाव राहिले. या वेळी नाव आले, काम गेले. सविनय सादर.'

मी ती चिठ्ठी घेऊन बराच वेळ ओट्यावर बसलो. माणसाची थट्टा करत आपण शेजारी राहतो आणि त्याला आत काय डाचतंय ते आपल्याला कळत नाही, याची मला लाज वाटली. मग उठलो आणि पिशोरला निरोप धाडला, पाटी कोरायच्या दिवशी याच. सेलूकरांना मुद्दामच सांगितलं नाही.

त्या दिवशी सकाळी रहीमचाचा छिन्नी-हातोडी घेऊन बेटावर बसले होते. खाली बायकांची रांग. सेलूकर नेमाप्रमाणं आले, दगड पुसायला लागले. तेवढ्यात द्वारकाबाई पिशवी घेऊन आली. चपलांची रांग बघितली, आपल्याही काढल्या. चौधरी वहिनी कौतुकानं तिला म्हणाल्या, "या मावशी, दर्शन घ्या. आमची द्वारकाई. लई पावते हो."

बाई वर चढली. कमानीकडं बघितलं, मग खाली, कुंकवानं माखलेल्या बटणांकडं. हात जोडायला वर आणलेले तिचे हात मध्येच थांबले. तिनं दहाही बोटं त्या दगडी बटणांवर ठेवली, टायपिंगला बसल्यावर ठेवतात तशी, बरोबर जागच्या जागी. बोटं सुरकुतलेली होती, एका नखात कोळसा होता.

"चाचा," ती म्हणाली, "ह्याला स्पेसबार नाय."

"वो नीचू की लंबी पट्टी?" चाचा म्हणाले. "मैं समझा फालतू लकीर है."

सेलूकरांच्या हातातलं फडकं खाली पडलं होतं. बाईनं त्यांच्याकडं बघितलं, कुंकवाकडं बघितलं, आणि तिच्या ध्यानात आलं. "आवं भाऊसाहेब, मला जित्तीलाच देवी केली व्हय?" आणि पदर तोंडाला लावून ती अशी हसली की रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या.

"द्वारकाबाई," सेलूकर म्हणाले.  "साहेबांच्या सत्काराची ती टिपणी मी केली होती. तिच्यात तुमचं नाव मी घेतलं नाही. ते घ्यायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

बाईचं हसू थांबलं. "मला ठावं हाय की, भाऊसाहेब," ती म्हणाली. "ती टिपणी मीच तर टाईप केली. तुम्ही सांगत व्हता, मी टाकत व्हते."

मी सेलूकरांकडं बघितलं. ते मान खाली घालून उभे होते. म्हणजे त्यांनाही पाठ होतं सगळं. मला सांगताना तेवढंच सांगितलं नव्हतं.

"शेवटाला मी इचारलं बी," बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "आणखी काय टाकायचं का, भाऊसाहेब? तुम्ही म्हणला, नाय, एवढंच."

 चौधरी वहिनींच्या हातात ड्रमांवर नंबर टाकायचा खडू होता. सेलूकरांनी खाली वाकून तो मागून घेतला, बाईच्या हातात दिला आणि कोऱ्या पाटीकडं बोट केलं. "आज टाकायचं आहे," म्हणाले.

बाईनं पदर खोचला. मग पाटीसमोर मांडी घालून बसली. "सांगा, भाऊसाहेब."

सेलूकर ताठ उभे राहिले, कचेरीत राहत असतील तसे. आणि सांगायला लागले. "द्वारका गेनू. राहणार पिशोर. संगणकचालक, रोजंदारी. हिने तहानेप्रमाणे पाणी वाटण्याची यादी प्रथम केली." मध्ये दोनदा थांबले. तेवढा वेळ खडूही थांबला. बाईचं अक्षर सरळ, ठसठशीत. भिंतीवर रोज लिहिणारीचं अक्षर. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? चाचांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "अब मालूम पड़ा पत्थर किसका है."

वॉर्डाला काय उत्तर द्यायचं ते माझं मी बघेन. सेक्रेटरी आहे मी.

शेवटचा शब्द झाला. बाईनं खडू तसाच धरून वर बघितलं. "आणखी काय टाकायचं का, भाऊसाहेब?"

 सेलूकरांनी 'नाही' म्हणून मान हलवली आणि ते बेटावरून खाली उतरले. चपलांच्या त्या लांबलचक रांगेत तिच्या टायरच्या चपला शोधल्या, गुडघा धरून वाकले, आणि त्या रस्त्याकडं तोंड करून नीट लावून ठेवल्या.